घट आणि भर

भंडारा शहर ज्या पितळी भांड्यांसाठी एकेकाळी दूरवर ओळखले जात असे, त्या भांड्यांचे आयुष्य ती फुटली वा चेपली म्हणजे संपत नसे. वापरून निकामी झालेला गुंड किंवा गडवा कासाराच्या दुकानी वजनावर द्यायचा, वर काही रक्कम भरायची आणि नवे भांडे घरी आणायचे, अशी ही रीत होती. या व्यवहारात जुन्या धातूला ‘मोड’ म्हणत आणि तिच्या वजनातून दुकानदार जे वजा करी त्याला ‘घट’. ग्राहकाला ही घट नेहमीच अन्यायाची वाटत आली असली, तरी तिच्यामागे केवळ दुकानदाराचा लोभ नसून धातूचा स्वभावही आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. ते साधारण नऊशे ते साडेनऊशे अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळते आणि एकटे जस्त 907 अंशांनाच उकळू लागते, त्यामुळे मोड मुशीत, म्हणजे धातू वितळवण्याच्या भांड्यात, रसरसू लागली की जस्ताचा काही अंश पांढऱ्या धुराच्या रूपाने उडून जातो. जाणता कारागीर म्हणूनच रसात वरून थोडे नवे जस्त टाकतो. तसे न केल्यास प्रत्येक वितळीगणिक पितळ तांबूस होत जाईल आणि त्याचा पिवळेपणा हळूहळू मावळेल. जुन्यातून नवे घडवण्याच्या साऱ्या खटाटोपाचे मर्म या एका कृतीत आहे, कारण पुनर्वापरात काहीतरी जातेच, आणि काय गेले हे ओळखून तेवढे परत घालणे हेच त्यातले खरे कौशल्य होय.

मुशीत आणखी एक गोष्ट वितळते आणि तिची भरपाई मात्र कोणत्याही धातूने होत नाही. लग्नात दिलेल्या भांड्यावर नाव घालण्याची पद्धत महाराष्ट्रात सर्वत्र होती. देणाऱ्याचे नाव, घेणारीचे नाव, गाव आणि तारीख असा छोटासा शिलालेखच परातीच्या काठावर टोचलेला असे. मोड दिली की तो लेख रसात विरून जाई, आणि एका घरातल्या आजीचे नाव व दुसऱ्या घरातल्या आत्याचे नाव एकाच नव्या घंगाळात, वाचता न येणाऱ्या रूपात, एकत्र नांदू लागे. स्टेनलेस स्टीलने स्वयंपाकघरे व्यापल्यानंतर हे चक्र मंदावले. आता उरलेला गुंड दिवाणखान्यात कुंडी होऊन बसतो, आणि शहरातल्या दुकानांत तर ‘अँटिक’ म्हणून मोडीच्या कितीतरी पट भावाने विकला जातो. हाही पुनर्वापरच आहे हे खरे, पण ज्या भांड्याला वर्षानुवर्षे कल्हई, म्हणजे अन्न कळकू नये म्हणून आतून कथलाचा लेप, लाभली त्याला केवळ पुसून ठेवण्यात काहीसा आळस आहे, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

टाकाऊचे मोल जाणण्याची हीच दृष्टी मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावसारख्या कोसा विणणाऱ्या गावांत वेगळ्या वस्तूवर पडलेली दिसते. कोसा म्हणजे ऐन आणि अर्जुन या झाडांच्या पानांवर वाढणाऱ्या किड्याचे टसर रेशीम. पुढच्या पिढीसाठी काही कोषांतून पतंग बाहेर पडू द्यावेच लागतात, आणि तो बाहेर पडताना कोषाला भोक पाडतो, त्यामुळे त्यातला अखंड धागा तुटतो. असा कोष उलगडता येत नाही म्हणून टाकायचा नसतो; त्याचे तंतू ओढून, पीळ देऊन जाडाभरडा, गाठाळ धागा काढतात, आणि त्या कापडाचा खडबडीतपणा हेच त्याचे रूप ठरते. भाताच्या गिरण्यांतल्या तुसाची गोष्ट याहून सरळ आहे: भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस असते, आणि उसना तांदूळ, म्हणजे आधी वाफवून मग सडलेला तांदूळ, करताना लागणारी वाफ तेच तूस जाळून मिळते.

परंतु भंडारा जिल्ह्यातली सर्वांत मोठी जुनी वस्तू धातूची नाही की धाग्याचीही नाही. ती मातीची आणि पाण्याची आहे. कोहळी समाजातील जाणकारांनी गोंड राजवटीपासून उताराच्या जमिनीवर मातीची पाळ घालून जे तलाव बांधले, ते पुढे मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनमालकांच्या, ताब्यात आले आणि आज ‘माजी मालगुजारी’ या शब्दांची आद्याक्षरे जोडून ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जातात. एकच पाणी तिथे अनेक कामांना येई: खालच्या बांध्यांतल्या धानाला, गुरांना, आंघोळीला आणि ढिवरांच्या मासेमारीला, पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या तळात गाळपेर होई, म्हणजे ओलसर गाळातच पीक घेतले जाई, आणि उन्हाळ्यात उपसलेला गाळ शेतात पसरून वाहून गेलेली माती परत जाग्यावर नेली जाई. पितळेच्या रसात पडणारे जस्त आणि बांधीत पडणारा हा गाळ यांचे काम एकच होते.

ही भर कधी थांबली हे बऱ्यापैकी नेमके सांगता येते. भंडारा त्या वेळी मध्य प्रदेशात होता, आणि मालकी हक्क नष्ट करणाऱ्या 1950 च्या कायद्याने पुढच्याच वर्षी मालगुजारी संपून तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी जाणे न्यायाचेच होते. तिच्याविषयी हळहळ वाटण्याचे कारण नाही. मात्र गावकऱ्यांचा निस्तार, म्हणजे पाणी, चारा, सरपण यांसारख्या गरजा भागवण्याचा रूढ हक्क, कागदावर उरला तरी दरवर्षी पाळ पाहणारा, गाळ काढवून घेणारा आणि पाण्याच्या पाळ्या ठरवणारा कोणी उरला नाही. मालक गेला त्याबरोबर त्याचे कर्तव्यही गेले, आणि त्याच्या जागी जे जस्त टाकायला हवे होते, म्हणजे गावाचा स्वतःचा कारभार, ते कोणी टाकले नाही. कित्येक तलाव उथळ झाले आणि काठाने बेशरम माजली. ही वनस्पती नावाप्रमाणेच हटत नाही. अलीकडे 2017 पासून राज्याच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने गाळ पुन्हा शेताकडे नेण्याची वाट दिली आहे, आणि भंडारा-गोंदियाच्या परिसरात ढिवर स्त्रियांच्या सहभागाने तलावांतली बेशरम उपटून स्थानिक पाणवनस्पती लावण्याचे प्रयत्नही झाले आहेत. यांतले दुसरे काम अधिक मोलाचे मानावे लागेल, कारण यंत्राने गाळ निघतो, पण तलावावर रोज नजर ठेवणारे माणूस यंत्र आणून देत नाही.

पुनर्वापर नेहमी जाणूनबुजूनच होतो असेही नाही. वैनगंगेकाठच्या पवनी येथे जगन्नाथ टेकडी नावाचा एक उंचवटा आहे. त्यावर पुढील काळात देवळाने जागा घेतली आणि लोकांनी त्याच नावाने टेकडी ओळखली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि नागपूर विद्यापीठ यांनी 1969-70 मध्ये तेथे उत्खनन केले तेव्हा मातीखाली बौद्ध स्तूप निघाला, आणि त्याच्या कोरीव दगडी स्तंभांपैकी एकावर मुचलिंद नागाचे शिल्प आणि ब्राह्मी लेख मिळाला. देवळाखालचा चबुतरा मुळात काय होता याचा विसर, हीच इथली घट. आणि टेकडीचे पावित्र्य टिकल्यामुळेच ती उकरून विटामातीसाठी सपाट केली गेली नाही, असे मानायला जागा आहे. याच गावातला महाक्षत्रप कुमार रुपिअम्माचा स्मृतिस्तंभ आता नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, लोकांच्या तोंडी असलेल्या अजब बंगल्यात, आहे. तिथे तो ऊनपावसापासून सुरक्षित आहे आणि अभ्यासकांना सहज वाचता येतो. पण मृताची आठवण म्हणून उभारलेला दगड त्याच्या मूळ जागेपासून तुटल्यामुळे जे उणे झाले, त्याची भर घालायला मुशीजवळच्या कारागिराकडे जसे जस्त असते, तसे संग्रहालयाकडे काही नाही.