तीन दिव्यांचे छायाचित्र

निकोला टेस्लाचे नाव निघाले की एक छायाचित्र हटकून पुढे येते. प्रयोगशाळेत विजांचे लोळ उसळत आहेत आणि त्यांच्या सावलीत टेस्ला खुर्चीवर शांतपणे वाचत बसला आहे. स्थळ कोलोरॅडो स्प्रिंग्ज, काळ डिसेंबर १८९९. हे छायाचित्र बनावट म्हणता येणार नाही. मात्र त्यात दिसते तसे काही घडलेही नव्हते. एकाच काचेवर दोनदा प्रकाश पाडून ते तयार केले होते. एकदा अंधारात ठिणग्या टिपल्या, एकदा यंत्र बंद ठेवून टेस्ला बसला. त्याने स्वतः ही युक्ती लपवलेली नाही.

त्याच मुक्कामातले दुसरे एक छायाचित्र मात्र फारसे कोणी पाहिलेले नसते. जून १९०० च्या 'सेंच्युरी' मासिकात टेस्लाने मानवी ऊर्जेच्या प्रश्नावर प्रदीर्घ लेख लिहिला, त्यात ते छापले गेले. त्यात विजांचे लोळ नाहीत, टेस्लाही नाही. तीन साधे विजेचे दिवे पेटलेले आहेत, एवढेच.

खालचा मजकूर वाचला की या साध्या चित्राचे मोल कळते. दिवे एका तारेच्या चौकोनाला जोडलेले आहेत. चौकोनाची प्रत्येक बाजू ५० फूट. वीज सोडणारे मुख्य वेटोळे तिथून १०० फूट दूर, मध्ये जोडतार नाही. चौकोनात एक कंडेन्सर बसवलेला आहे आणि तो चौकोन मुख्य यंत्राच्या स्पंदनांशी अचूक जुळवलेला आहे. यंत्र आपल्या कुवतीच्या ५ टक्क्यांहूनही कमी जोराने चालवले होते, असेही टेस्ला नोंदवतो.

आजच्या पाठ्यपुस्तकात ज्याला अनुनादी चुंबकीय युग्मन म्हणतात, त्याचे हे जवळपास पूर्ण वर्णन आहे. टेस्लाचे नाव या विषयाशी जोडायचे असेल तर ते या तीन दिव्यांमुळे जोडले पाहिजे. पण त्याच्या भक्तांना हे चित्र पुरेसे भव्य वाटत नाही. आणि खरे सांगायचे तर ते टेस्लालाही वाटले नव्हते.

हे तत्त्व समजायला सतार पुरेशी आहे. मुख्य तार छेडली की खालच्या तरफांपैकी त्या सुराला लावलेली तरफ हात न लावता थरथरू लागते, बाकीच्या जवळजवळ गप्प राहतात. तारेचे वेटोळे आणि कंडेन्सर एकत्र जोडले की विजेलाही असाच एक 'सूर' मिळतो. ऊर्जा कंडेन्सरमधून वेटोळ्याच्या चुंबकीय क्षेत्रात जाते, तिथून परत कंडेन्सरमध्ये येते. झोपाळ्यासारखी तिची ये-जा चालते. एका सुरात लावलेली दोन वेटोळी एकमेकांच्या क्षेत्रात आली, तर एकातली ऊर्जा प्रत्येक हेलकाव्यागणिक थोडी थोडी दुसऱ्यात उतरते. जी उतरत नाही ती बहुतांशी मूळ वेटोळ्याकडे परतते. रेडिओलहरींप्रमाणे ती दाही दिशांना निघून जात नाही, आणि या पद्धतीचे सगळे महत्त्व त्यातच आहे.

मर्यादाही तिथेच आहे. वेटोळ्यापासून दूर जाऊ लागले की हे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते. अंतर दुप्पट केले की क्षेत्र आठव्या हिश्शावर येते. सूर कितीही अचूक लावला तरी वेटोळ्याच्या व्यासाच्या काही पटींपलीकडे ही मैफल ऐकू जात नाही. हा हिशेब लक्षात ठेवावा, पुढच्या कथेत तो पुन्हा लागेल.

या कल्पनेचा जनक कोण, हा प्रश्न विचारला जातोच. १८३१ साली मायकेल फॅरेडेने लोखंडी कड्यावर दोन वेगळी वेटोळी गुंडाळली. एकातला प्रवाह सुरू किंवा बंद केला की दुसऱ्याला जोडलेली सुई क्षणभर हलते, हे त्याने दाखवले. ऊर्जा तारेच्या जोडाशिवाय एका वेटोळ्यातून दुसऱ्यात जाते, हे तिथेच सिद्ध झाले. पुढे १८८९ च्या सुमारास ऑलिव्हर लॉजने दोन लेडन बरण्यांची मंडले एका सुरात लावली. एकीत ठिणगी पडली की काही अंतरावरच्या दुसरीतही पडे. सूर बिघडवला की ठिणगी थांबे. अनुनाद इथे आला. १८९४ मध्ये मॉरिस ह्युतँ आणि मॉरिस लब्लाँ या दोन फ्रेंच अभियंत्यांनी धावत्या रेल्वेगाडीला स्पर्शाविना वीज पुरवण्याच्या योजनेचे अमेरिकन पेटंट घेतले. (आर्सेन ल्युपँ या चोराचा जनक मॉरिस लब्लाँ तो वेगळा.) एवढे सगळे कोलोरॅडोच्या आधी घडून गेले होते.

टेस्लाच्या १८९१ च्या न्यूयॉर्कमधील गाजलेल्या व्याख्यानाचाही इथे दाखला दिला जातो. त्यात त्याने दोन धातूच्या पत्र्यांमध्ये धरलेल्या काचनळ्या तारेविना उजळवल्या होत्या. तो प्रयोग अस्सल होता, पण त्या नळ्या पत्र्यांमधल्या विद्युत क्षेत्राने उजळल्या. चुंबकीय युग्मन हे निराळे प्रकरण. दोन्हींना 'बिनतारी' हे एकच लेबल लागते आणि गोंधळ सुरू होतो.

मग कोलोरॅडोच्या तीन दिव्यांनंतर टेस्लाने तीच वाट का चोखाळली नाही? कारण त्याला १०० फुटांत रस नव्हता. जुलै १८९९ मध्ये एका वादळाच्या वेळी उपकरणांवर उमटलेल्या खुणांवरून त्याची खात्री झाली, की विजेच्या कडकडाटाने पृथ्वीतच स्थिर लहरी उभ्या राहतात. तसे असेल तर संपूर्ण पृथ्वी हीच एक प्रचंड तार, तिला योग्य सुरात झंकारले की जगात कुठेही जमिनीत दांडा खोवून वीज घेता येईल. ही कल्पना विलक्षण आहे. तीत अनुनाद आहे, परंतु दोन वेटोळ्यांमधले चुंबकीय युग्मन नाही. ज्याने दिवे पेटले ते सूत्र बाजूला राहिले आणि जे सिद्ध झाले नव्हते त्यावर मनोरा उभा राहिला.

तो मनोरा न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या वॉर्डनक्लिफचा. १८७ फूट उंच, माथ्यावर घुमट, शेजारी स्टॅनफर्ड व्हाइट या नामांकित वास्तुविशारदाने रेखलेली विटांची प्रयोगशाळा. पैसा जे. पी. मॉर्गनचा, दीड लाख डॉलर. १९०१ मध्ये करार झाला तो अटलांटिकपार संदेश पाठवण्यासाठी. वीज पाठवण्याचा बेत टेस्लाने त्याच्यापुढे नंतर उघड केला. दरम्यान १२ डिसेंबर १९०१ रोजी इंग्लंडहून न्यूफाउंडलंडला 'एस' हे अक्षर पोहोचल्याचे मार्कोनीने जाहीर केले. १९०३ च्या जुलैत मॉर्गनने आणखी पैसे देण्यास नकार दिला. मनोरा अखेर गहाण पडला आणि १९१७ मध्ये पाडला गेला.

इथे एक संवाद सांगितला जातो. मॉर्गनने म्हणे विचारले, "वीज सगळ्यांनाच मिळणार, तर मीटर कुठे बसवायचा?" वाक्य झकास आहे, समाजमाध्यमांवर ते फिरते यात नवल नाही. पण त्याला समकालीन पुरावा नाही. मॉर्गनपाशी नकाराची याहून साधी कारणे होती. ज्यासाठी पैसे दिले ते काम झाले नव्हते, प्रतिस्पर्ध्याने बाजी मारली होती आणि शेअर बाजार घसरला होता. मॉर्गनला संत ठरवण्याची गरज नाही. मात्र त्याने हात आखडला म्हणून फुकट विजेचे युग हुकले, असे म्हणायचे तर आधी ती वीज पोहोचली असती हे दाखवावे लागेल, आणि ते कोणी दाखवलेले नाही. कोलोरॅडोत २६ मैलांवरचे २०० दिवे पेटवल्याची कथाही अशीच. ती टेस्लाच्या निधनानंतर १९४४ साली आलेल्या ओ'नीलच्या चरित्रातून पसरली. टेस्लाच्या कोलोरॅडोच्या नोंदवह्या १९७८ मध्ये बेलग्रेडहून प्रसिद्ध झाल्या. त्यांत असा प्रयोग नाही.

मार्कोनीला जमले ते टेस्लाला का नाही, याचे उत्तर संदेश आणि शक्ती यांच्या फरकात आहे. आपल्याकडचेच उदाहरण घ्यावे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतींपलीकडून घंटा वाजवली आणि दारू उडवली. पण घंटेला लागणारी ताकद जवळच्या बॅटरीची होती. लहरीने केवळ चाप ओढला. संदेशाला अंशमात्र ऊर्जा पुरते. लाखातला एक भाग पोहोचला तरी तार वाचता येते. विजेच्या व्यवहारात तसे चालत नाही. शंभरातले साठ-सत्तर भाग वाटेत हरवले तर तो पुरवठा राहत नाही, उधळपट्टी होते. तीन दिव्यांच्या त्या मजकुरातही किती वीज सोडली आणि किती पोहोचली, याचा आकडा नाही.

पुढची वाट लांब पल्ल्याचा नाद सोडलेल्यांनी काढली. १९६० च्या दशकात जॉन शुडर आणि त्याचे सहकारी छातीची त्वचा न छेदता आतल्या यंत्रापर्यंत वीज कशी न्यावी याचे प्रयोग करत होते. त्यांचे अंतर मैलांत नव्हते. कातडीच्या जाडीचे होते. त्वचेतून बाहेर येणारी तार म्हणजे जंतूंना उघडे दार, आणि ते दार बंद करणे हाच सारा उद्देश होता. कानामागे बसणारे कॉक्लियर इम्प्लांट आज असेच चालते. बाहेर एक वेटोळे, आत एक वेटोळे, मध्ये काही मिलिमीटर कातडी. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात जॉन बॉइझ आणि ग्रँट कोव्हिक यांनी कारखान्यांतल्या रुळांवरच्या वाहनांना स्पर्शाविना वीज देण्याचे तंत्र पक्के केले. ठिणगी नाही, घासणे नाही, धूळ नाही. टेस्लावरच्या चित्रपटांत ही नावे कधी ऐकू येत नाहीत.

मग २००७ उजाडते. अमेरिकेतल्या एमआयटीचा मारिन सोल्याचिच हा तरुण प्राध्यापक पत्नीच्या मोबाइलच्या रात्री-अपरात्रीच्या कुरकुरीने वैतागलेला असे. बॅटरी संपत आली की तो फोन वाजत राही. फोनने आपापली वीज हवेतून का घेऊ नये, या विचारातून प्रयोग उभा राहिला. ६० सेंटिमीटर व्यासाची तांब्याची दोन वेटोळी, सेकंदाला सुमारे एक कोटी स्पंदने, दोन मीटर अंतर. ६० वॅटचा दिवा पेटला आणि सुमारे ४० टक्के ऊर्जा एका वेटोळ्यातून दुसऱ्यात पोहोचली. आकडा मोजून, हानीच्या हिशेबासह छापला गेला. त्या प्रयोगाचेही एक छायाचित्र आहे. दोन वेटोळ्यांच्या मधोमध सहा संशोधक दाटीवाटीने उभे-बसलेले आहेत आणि त्यांच्या पलीकडे दिवा जळतो आहे.

सोल्याचिच झाग्रेबचा. टेस्लाचे जन्मगाव स्मिल्यानही आज क्रोएशियातच. या योगायोगावर वृत्तपत्रांनी 'टेस्लाचे स्वप्न साकार' असे मथळे रचले. पण प्रमाण पाहावे. टेस्लाचे मुख्य वेटोळे सुमारे ५० फूट व्यासाचे आणि दिवे १०० फुटांवर, म्हणजे व्यासाच्या दुप्पट अंतर. एमआयटीत तेच अंतर व्यासाच्या तिपटीहून थोडे अधिक. एकशे सात वर्षांत अचूकता आली, मोजमाप आले, हानी का होते याचे गणित आले. अंतर मात्र त्या घनाच्या नियमाच्या आतच राहिले. २००७ च्या दिव्याचा पूर्वज वॉर्डनक्लिफच्या मनोऱ्यात शोधणे व्यर्थ आहे. तो 'सेंच्युरी'च्या पानावर सापडतो.

वॉर्डनक्लिफची जागा वाचवण्यासाठी २०१२ मध्ये इंटरनेटवरून लोकवर्गणी झाली, तेरा लाखांहून अधिक डॉलर जमले आणि पुढच्या वर्षी ती जागा स्मारकासाठी विकत घेतली गेली. विटांची प्रयोगशाळा तिथे आहे, मनोऱ्याच्या पायाच्या खुणा आहेत. तीन दिवे पेटवणारे यंत्र जिथे होते ती कोलोरॅडोची लाकडी प्रयोगशाळा १९०४ मध्येच पाडली गेली. आतले सामान टेस्लाची देणी भागवण्यासाठी विकण्यात आले.