'आय डोन्ट बिलीव्ह यू' म्हणालास?

चि. सोन्या,


तुझी ईमेल वाचली आणि तुझा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. गाइडनी तुझं काम मनापासून वाखाणलं आणि तू त्यांना 'आय डोन्ट बिलीव्ह यू' म्हणालास? अरे भल्या माणसा! तुला म्हणायचं होतं 'आय कान्ट बिलीव्ह इट'. म्हणजे आनंद इतका झालाय की खरं वाटेना. 'यू' घातलंस की अविश्वास गोष्टीवरून उठतो आणि थेट माणसावर जाऊन बसतो. मित्रामित्रांत हसत म्हटलं तर खपतं, गाइडपुढे नाही. उद्याच त्यांना भेट आणि नीट सांग.

मी वर्गात हेच तर कानीकपाळी ओरडायचे! शंका खुशाल घ्या, पण ती कशावर घेताय, गोष्टीवर की माणसावर, हे आधी मनाशी ठरवा. तू मागच्या बाकावर गणितं सोडवत बसायचास, ते आता असं बाहेर पडतंय.

आता तुझा मूळ प्रश्न, 'अनलाइकली' की 'आय डाउट'. प्रबंधात 'अनलाइकली'च लिही, पण जपून. तुमच्या हवामानाच्या शास्त्रात तो शब्द मोजून वापरतात. आयपीसीसीच्या अहवालांत 'अनलाइकली' म्हणजे शक्यता फार तर ३३ टक्के, 'व्हेरी अनलाइकली' म्हणजे फार तर १० आणि 'एक्सेप्शनली अनलाइकली' म्हणजे फार तर १. तिथे 'आय डाउट' नको, ते तुझं मत झालं. बोलताना चालेल, पण मोठ्यांना नुसतं 'आय डाउट इट' म्हणून गप्प बसलास तर तुटक वाटतं. त्यापेक्षा 'आय डोन्ट थिंक सो' मवाळ. 'डाउट'पुढे 'इफ' की 'दॅट' यात फार अडकू नकोस. इंग्रजी वापराच्या कोशात फाउलरने १९२६ मध्ये होकारी वाक्यात 'दॅट'ऐवजी 'व्हेदर'चा आग्रह धरला होता, आता 'इफ' आणि 'दॅट' दोन्ही चालतं. मात्र तुमच्या ग्लासगोतलं कुणी जुनं माणूस 'आय डाउट इट विल रेन' म्हणालं, तर छत्री घे. स्कॉटिश बोलीत त्याचा अर्थ पाऊस येणार असं दिसतंय, असा होतो.

'फॅट चान्स' तर चुकूनही नको. 'स्लिम चान्स' म्हणजे आशा थोडी. 'फॅट चान्स'मध्ये 'तो कसला येतोय!'मधली हेटाळणी आहे. अरे, हे सगळं तुला येतंय रे! 'तो येईल असं वाटत नाही' आणि 'तो येतोय कुठला' यांतला फरक तुला कुणी शिकवला होता? आजी 'बघू' म्हणाली की जत्रेला जाणं होत नाही, हे तुला शाळेत जायच्या आधीपासून कळायचं. तो कान शाबूत ठेव. इंग्रजी लिहिताना तू तो बंद करतोस आणि मग शब्दकोशात अर्थ शोधत बसतोस.

आणि ताईने दिवाळीचं विचारलं तर तिलाही नुसतं 'अनलाइकली' पाठवलंस! फोन पुढे करून मला विचारत होती, "म्हणजे येतोय की नाही गं?" मी काय सांगणार? सुट्टी मिळत नाहीये, की तिकिटाचे पैसे कमी पडताहेत? तब्येत बरी आहे ना? मागच्या फोनवर आवाज बसलेला वाटला. पैशांचं असेल तर मला कळव, ताईला कळू देणार नाही. पण तिला आजच फोन कर, जमत नसेल तर 'नाही जमत गं आई' असं सरळ सांग, आणि का ते सांग.

तुझी,
मावशी