अजगराच्या पिल्लाचा पहिला घास

अजगराची मादी अंडी घातल्यावर जवळजवळ दोन महिने त्यांच्याभोवती वेटोळं घालून बसते. हवा गार झाली की अंगाचे स्नायू थरथरवून ऊब निर्माण करते. या काळात बहुधा ती उपाशीच असते. पण पिल्लं बाहेर आली की तिचं काम संपतं. ती त्यांना भरवत नाही आणि शिकारही शिकवत नाही. हातभर लांबीच्या त्या जिवाला पहिला घास स्वतःच मिळवायचा असतो.

आमच्या पुनर्वसन केंद्रात अजगराची पिल्लं बहुधा अंड्यांच्या रूपातच येतात. उन्हाळ्यात बांध फोडताना किंवा विहिरीचा गाळ काढताना जेसीबी बिळावर येतो, मादी निघून जाते आणि सर्पमित्र अंडी घेऊन येतात. मादी परतण्याची शक्यता असेल तर अंडी हलवू नयेत, काम चार दिवस थांबवावं, असं माझं ठाम मत आहे. ते जमलंच नाही तर वरच्या बाजूला पेन्सिलीची खूण करून, न उलटता अंडी आणायची आणि 31-32 अंश सेल्सिअसला उबवायची. पावसाच्या तोंडावर पिल्लं निघतात. पोटात बलकाचा साठा असल्यामुळे त्यांना खाण्याची घाई नसते. आठवड्या-दोन आठवड्यांत ती पहिली कात टाकतात. त्यानंतर धडधाकट पिल्लं वन विभागाच्या परवानगीनं, जिथली अंडी तिथल्याच परिसरात सोडावीत. त्यांना खाऊ घालण्याच्या फंदात मुळीच पडू नये.

मागे उरतात ती अशक्त पिल्लं. कुणाची बेंबी भरलेली नसते, तर कुणी अंड्यातूनच किरकोळ निघालेलं असतं. कात टाकून झाल्यावरही यातली काही उंदराकडे पाहत नाहीत. असं पिल्लू आजारी आहे, असं नव्या कार्यकर्त्याला वाटतं. बहुतेक वेळा ते फक्त घाबरलेलं असतं. मुंगूस, घोरपड, शिक्रा, रानडुक्कर अशा सगळ्यांच्याच ते तोंडी पडू शकतं. त्यामुळे वर हललेली प्रत्येक सावली त्याच्यासाठी शत्रूची असते.

म्हणून मी आधी पिल्लाची झडप बघतो. भीतीची झडप चावून लगेच मागे सरते. भुकेची झडप धरून ठेवते आणि त्याच क्षणी विळखा पडतो. वेटोळ्यात डोकं खुपसून बसलेल्या पिल्लापुढे उंदीर नाचवण्यात अर्थ नाही. मान मागे खेचून, जीभ संथ लयीत बाहेर काढत ते एकाच दिशेला रोखून बघत असेल, तर तीच वेळ साधायची.

मोठा, प्रशस्त, काचेचा पिंजरा ही पिल्लावर केलेली दया नव्हे. त्याला वेटोळं जेमतेम मावेल असा अंधारा आडोसा हवा, अंग दोन्ही बाजूंनी टेकलेलं हवं. मी झाकणाचा छोटा डबा घेतो. त्यात चुरगळलेला कागद, पाण्याची वाटी आणि एका टोकाला 31-32 अंशांची ऊब एवढंच ठेवतो, दुसरं टोक थोडं गार राहू देतो. मग आठवडाभर त्याला हात लावत नाही. हट्टी म्हणून आलेली बरीच पिल्लं एवढ्यानंच खायला लागतात.

अजगराच्या ओठांवरच्या खवल्यांत उष्णता जाणणारे खळगे असतात, आणि अंधारात शिकार त्याला मुख्यतः उबेवरून कळते. फ्रिजरमधला उंदीर वितळला तरी गार असेल, तर त्याच्या लेखी ती शिकारच नसते. कोमट पाण्यात पिशवीसकट बुडवून उंदीर जिवंत प्राण्याइतका गरम करायचा, कोरडा करायचा आणि दिवेलागणीनंतर लांब चिमट्यानं आडोशाच्या तोंडाशी न्यायचा. उंदीर पिल्लाच्या अंगाच्या जाडीहून जाड नसावा. घेतला नाही तर तिथेच ठेवून झाकण लावायचं, सकाळी काढून टाकायचा आणि पुढचे पाच-सहा दिवस काहीच करायचं नाही. रोज प्रयत्न केला की रोज भीती पक्की होते. जिवंत उंदीर सोडून निघून जाणं तर साफ चूक, कारण भुकेला उंदीर पिल्लाची पाठ कुरतडतो.

कधी वासाची अडचण असते. नायजेरियात बॉल पायथन या तिथल्या अजगराच्या आहाराचा अभ्यास झाला, त्यात लहान अजगर प्रामुख्यानं छोटे पक्षी खाताना आढळले. पक्षी खाणाऱ्या अशा जिवाला प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर परका वाटला, तर नवल नाही. उंदराच्या अंगावर कोंबडीच्या पिल्लाची लव चोळली की काही वेळा नाराज जीभ एकदम भराभर चालू लागते. आपल्या अजगराच्या पिल्लांवरही हा उपाय मी आनंदानं वापरतो.

तोंड उघडून घास कोंबण्याला माझा कडवा विरोध आहे. इवले दात तुटतात, जबडा दुखावतो आणि पिल्लू घास उलटून टाकतं. दर आठवड्याला ग्रॅममध्ये वजन करायचं. ते सतत घसरत असेल आणि कण्याची धार दिसू लागली असेल, तरच अगदी छोट्या उंदराचं नाक त्याच्या ओठांत टेकवायचं, पिल्लू खाली ठेवायचं आणि निश्चल उभं राहायचं. पुष्कळदा ते स्वतःच गिळायला लागतं. नळीनं भरवणं मात्र पशुवैद्यकाच्याच हातचं काम.

पहिला घास लहानच असावा. उपाशी अजगराचं आतडं आक्रसलेलं असतं. ब्रह्मदेशी अजगरावरच्या प्रयोगात जेवणानंतर दोन दिवसांत हृदयाचा स्नायू सुमारे 40 टक्क्यांनी वाढलेला दिसला. एका जेवणासाठी सगळं शरीर असं कामाला लागतं, तेव्हा डबा गार पडला तर घास पोटातच सडतो. म्हणून खाल्ल्यावर तीन दिवस ऊब कायम ठेवायची आणि पिल्लाला उचलायचं नाही.

चिमट्याशिवाय, ठेवलेला उंदीर आपणहून घेणारं पिल्लू सोडायला तयार झालं असं मी धरतो. थंडी लागण्याआधी हे जमलं तर उत्तम. डिसेंबरात नाकारणाऱ्या पिल्लाशी मी झगडत नाही, कारण त्या दिवसांत रानातले अजगरही फारसे खात नाहीत. वजन टिकून असेल तर ऊब आणि पाणी तेवढं देतो, आणि फेब्रुवारीत ऊन तापू लागलं की पुन्हा उंदीर गरम करायला घेतो.