फक्कीच्या रेघेबाहेर

शिक्षणाच्या बाबतीत आपला समाज आता चांगलाच जागा झालेला आहे. बाप झाडूखात्यात असो की आई चार घरची धुणीभांडी करणारी असो, मुलांच्या फीचा आणि वह्यापुस्तकांचा पैसा बाजूला काढल्याशिवाय घरात महिना सुरू होत नाही. खेळाच्या बाबतीत मात्र आपल्या घरांतून दोन टोकाच्या गोष्टी चालतात. एक टोक जुने आहे. "खेळून कुणाचं पोट भरलंय? अभ्यासाला बस." दुसरे टोक त्या मानाने नवे आहे. २०१४ साली प्रो कबड्डी टीव्हीवर सुरू झाली. आपल्यासारख्याच घरांतून आलेल्या मुलांवर लाखांच्या बोली लागताना लोकांनी डोळ्यांनी पाहिल्या. तेव्हापासून आठ-आठ वर्षांच्या मुलांना पहाटे उठवून बैठका काढायला लावणारे पालक मला वस्तीत दिसू लागले. पहिल्या टोकाविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलून झाले आहे. मला आज दुसऱ्याविषयी लिहायचे आहे, कारण हे पालक मुलांचे शत्रू नाहीत, उलट पोटाला चिमटा घेऊन ते मुलांसाठी बूट घेतात.

घाटकोपर-चेंबूर पट्ट्यातल्या आमच्या वस्तीत विहाराच्या मागे एक मोकळी जागा आहे. जागा म्हणजे मैदान नव्हे. रात्री तिथे टेम्पो उभे राहतात, लग्नसराईत मांडव पडतो, पावसाळ्यात गुडघाभर चिखल होतो. परंतु संध्याकाळी साडेपाच ते साडेसात ही वेळ मुलांची, असे आम्ही कार्यकर्त्यांनी भांडून ठरवून घेतले आहे. टेम्पोवाल्यांनीही आता ते मान्य केले आहे. दिवसा कचेरीत फायली हलवायच्या आणि संध्याकाळी इथे फक्की मारायची, असा माझा कार्यक्रम गेली काही वर्षे चालू आहे. मुलांना शिकवते ती एक ताई. ती स्वतः आंतरशालेय स्पर्धांत खो-खो खेळलेली आहे आणि दिवसा कुरिअरच्या कचेरीत काम करते. मी फक्त हजेरी घेतो, चेंडू सांभाळतो आणि पालकांशी बोलतो. तिघांत कठीण काम शेवटचे.

माझ्या शेजारी एक रिक्षावाला मित्र राहतो. तरुणपणी तो कबड्डी चांगली खेळायचा. उजव्या कोपऱ्यात उभा राहून घोटा धरायचा आणि एकदा धरला की सोडायचा नाही, असे त्याच्या बरोबरीचे लोक आजही सांगतात. रेल्वे, पोलीस, बँका, मोठ्या कंपन्या यांचे कबड्डीचे संघ मुंबईत आहेत, आणि त्या संघांतून कितीतरी गरीब घरच्या मुलांना कायमची नोकरी लागली. याचेही एका ठिकाणी जमत आले होते, पण तेवढ्यात गुडघा गेला आणि पुढे रिक्षाचे हँडल हातात आले. आपल्या मुलाला त्याने सातव्या वर्षीच कबड्डीत घातले. पहाटे पाच वाजता उठवून पन्नास बैठका, मग रिक्षा काढण्याआधी बापाच्याच घोट्याला पकड घालण्याचा सराव. संध्याकाळी मुलगा मैदानावर आला की हा रिक्षा कडेला लावून रेघेवर उभा. "खाली वाक! हात काय बघतोस, पाय बघ पाय!" मुलाचे लक्ष समोरच्या गड्यापेक्षा बापाकडे जास्त.

पुढे मुलाचे पोट दुखायला लागले. दवाखान्यात दोनदा नेले, औषध झाले, काही निघाले नाही. एके दिवशी वहिनी मला म्हणाल्या, "दादा, सोमवार ते शनिवार पोरगं चांगलं असतं. रविवारीच कसं हो दुखतं याचं पोट?" रविवारी सामने असतात. वहिनींना उत्तर माहीत होतेच, ते मी माझ्या तोंडाने त्यांच्या नवऱ्याला सांगावे अशी त्यांची इच्छा होती.

मी त्याच्याशी बोललो ते स्टेशनवरून येताना, त्याच्याच रिक्षात. तो तावातावाने म्हणाला, "माझं राहिलं ते राहिलं. पोराचं राहता कामा नये. आणि तुम्हीच तर विहारात भाषण केलं होतं ना, पोरांना मैदानात पाठवा म्हणून?" मी म्हटले, "केलं होतं. पण तुला कबड्डी शिकवली कुणी?" तो म्हणाला, "शिकवणार कोण? गोडाऊनच्या मागं खेळायचो. म्हातारा काठी घेऊन न्यायला यायचा." एवढे बोलून तो थांबला. सिग्नल सुटला तरी गाडी हलेना, मागच्यांनी हॉर्न मारले. बापाची काठी चुकवून तो जो खेळ खेळला, तो त्याचा स्वतःचा होता. मुलाच्या वाट्याला खेळ आला तो बापाच्या हुकमातून. हे मी त्याला सांगितले नाही. सांगायची गरज नव्हती.

पण नुसते गप्प होऊन प्रश्न सुटत नाही. त्याची भीती खोटी नाही. आपल्या घरांत मुलाच्या प्रत्येक तासाचा हिशेब लागतो, कारण वाया घालवायला आपल्याकडे फार काही नसते. खेळातून नोकरी लागते हे खरे आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे वाढीव गुण आहेत. म्हणून मी कॉमर्सचा माणूस त्याच्यापुढे हिशेबच मांडला. शासनाच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. सवलतीचे गुण दहावीला. नोकरीच्या आरक्षणासाठी वरच्या पातळीवरच्या स्पर्धेतले पदक लागते, ते तर आणखी पुढे. मग आठव्या वर्षी मिळवलेल्या गल्लीतल्या ढालीचा कुठल्या खात्यावर काही जमा होते का? नाही. या वयात खात्यावर जमा होते ते एवढेच, की उद्या पुन्हा मैदानात जावेसे वाटते. ती शिल्लक आठव्या-नवव्या वर्षीच ओरडून खर्च करून टाकली, तर चौदाव्या वर्षी, जेव्हा खरा उपयोग, तेव्हा मूल मैदानाकडे फिरकतच नाही. अशी मुले मी मोजून पाहिली आहेत. आमच्या हजेरीच्या जुन्या वहीत त्यांची नावे आहेत, आणि त्यांतली बरीचशी चांगली खेळणारी होती.

त्यानंतर आम्ही पालकांसाठी नियम केला. मैदानाभोवती फक्कीची आणखी एक रेघ मारायची, आणि पालकांनी तिच्याबाहेर बसायचे. टाळ्या वाजवा, दोन्ही संघांसाठी वाजवा, पण सूचना द्यायच्या नाहीत. सूचना फक्त ताई देणार. यावर मोठी कुरबूर झाली. महापालिकेत सफाईचे काम करणाऱ्या एका बाई मला म्हणाल्या, "आठवड्यातनं एक दिवस सुट्टी. त्या दिवशी पोरीला बघायला यायचं आणि तोंडाला कुलूप लावून बसायचं? आमच्या बोलण्यानं पोरं बिघडतात काय?" त्यांचे म्हणणे मला पटले, अजूनही पटते. ज्या घरांत आईबाप मुलांना दिवसाउजेडी भेटत नाहीत, तिथे रविवारचे ते दोन तास फार मोलाचे असतात. म्हणून आम्ही पालकांना हाताला काम दिले. लिंबू-सरबत करणे, गुणफलकावर आकडे लिहिणे, खरचटले तर पाण्याने धुऊन देणे. त्या बाई आता गुण लिहितात. हस्ताक्षर माझ्यापेक्षा बरे आहे आणि आकड्यांवरून पंचाशीही भांडतात.

मुलींची गोष्ट वेगळीच. तिथे ओरडणारा बाप क्वचित असतो, कारण मुलगी मैदानापर्यंत येतच नाही. आमच्याकडे पाणी संध्याकाळी सहाला सुटते. खेळाची वेळ तीच. दहा-अकरा वर्षांच्या मुली हंडा-कळशी घेऊन नळावर, आणि त्यांचे भाऊ मैदानात. यावर भाषणे देऊन पाहिली, उपयोग झाला नाही. शेवटी एका आईनेच वाट काढली. तिने थोरल्या मुलाला सांगितले, "सोमवार, बुधवार, शुक्रवार पाणी तू भरायचं." मुलगा चार दिवस फुगून बसला, मग भरू लागला. आज सात घरांत असे वार ठरले आहेत. मुलीला खेळात प्रोत्साहन द्यायचे म्हणजे आमच्या वस्तीत मुख्यतः हंड्याची व्यवस्था करायची. बाकी प्रोत्साहन तिचे तीच आणते.

मैदान हा आपल्यासाठी काही साधा शब्द नाही. पाळवणकर बाळू यांचे नाव जुन्या पिढीला माहीत आहे, नव्यांनी विचारून घ्यावे. चांभार समाजातला हा माणूस पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची निगा राखायला होता. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता, तासन्‌तास टाकता टाकता, तो असा डावखुरा फिरकी गोलंदाज झाला की त्याला संघाबाहेर ठेवणे हिंदू जिमखान्याला परवडेना. चेंडू टाकायला चालत असे, पण चहा मात्र वेगळ्या भांड्यात, बाहेर. १९११ साली इंग्लंडला गेलेल्या हिंदी संघातून खेळताना त्यांनी शंभरावर बळी घेतले. कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळाले. (पुढे राजकारणात बाळूंची वाट वेगळी झाली, १९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांच्याच विरोधात उभे होते. पण त्यामुळे त्यांची गोलंदाजी लहान होत नाही.) चार भाऊ, चौघेही क्रिकेटर. त्या घरात एकाचा खेळ पाहून दुसरा खेळू लागला असेल, असे मला नेहमी वाटते. मुलांच्या मागे शिट्टी घेऊन धावण्यापेक्षा वस्तीत थोरली मुले खेळताना धाकट्यांना दिसली पाहिजेत, यावर माझा जास्त भरवसा आहे. आमच्याकडची निम्मी मुले कुणी न पाठवता आली आहेत, भिंतीवर बसून बघता बघता.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी एक तास दम लागेल अशी हालचाल करावी. त्यात लंगडी आली, विटीदांडू आला, लगोरी आली, पकडापकडी आली. एकच खेळ धरून बसा असे कुणी सांगितलेले नाही. माझी धाकटी नऊ वर्षांची आहे. तिने दोन महिने कबड्डी केली, सोडली. दोरीवरच्या उड्या केल्या, त्याही सोडल्या. सध्या लंगडीत रमली आहे. शेजारी मला विचारतात, "तुमचीच मुलगी, आणि तुम्ही काही बोलत नाही?" ती मैदानातून आली की कुठे फुटले ते मी विचारतो आणि हळद लावतो. जिंकली असेल तर ते ती उंबऱ्यावरच सांगते. नसेल तर जेवताना सांगते, किंवा सांगत नाही.

आता रिक्षावाल्या मित्राच्या मुलाविषयी. बाप आठवड्यातून फक्त रविवारी मैदानावर येईल असे ठरले. पहाटेच्या बैठका बंद झाल्या, त्या वेळेत बापलेक आता दूध आणायला जातात. महिनाभर मुलगा मैदानात नुसताच हिंडला. मग एक दिवस ताईच्या खो-खोच्या रांगेत जाऊन बसला. मी त्याला विचारले, "कबड्डी का नको रे?" तो म्हणाला, "कबड्डीत चढाईला गेलं की सगळे माझ्याकडंच बघतात. यात बसायचं असतं. खो मिळाला की उठायचं." खो-खोत आठ गडी चौकोनांत बसतात, एकाचे तोंड एकीकडे तर दुसऱ्याचे दुसरीकडे, आणि पाठीवर थाप बसून "खो" ऐकल्याशिवाय कुणी उठायचे नाही. हा थोडा लवकर उठतो, फाऊल होतो. पण रविवारचे पोट दुखायचे थांबले.

बापाला हे सहजी पचले नाही. "खो-खोला काय भविष्य आहे दादा?" असे तो मला रोज विचारायचा. मी उत्तर देत नसे. मग जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी, दोघांनीही अंतिम सामन्यात नेपाळला हरवून तो जिंकला. महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघेही महाराष्ट्राचे. मित्राने रिक्षात बसून मोबाईलवर सामना पाहिला, दोन भाडी सोडली. रात्री माझ्या दारात उभा. "दादा, ती खो-खोची मॅट कुठं मिळते? आणि हे खेळाडू कितव्या वर्षी सुरू करतात?" मागे वहिनी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे पाहिले.

पुढच्या रविवारी तो लवकर आला. फक्कीच्या रेघेला पाय लावून उभा राहिला, एकदा तोंडही उघडले. ताईने मान वळवली. तो म्हणाला, "नाही नाही, सरबतात साखर कमी आहे का विचारत होतो," आणि पिंपाकडे गेला. मुलाला यातले काही दिसले नाही. त्याचे तोंड पलीकडच्या बाजूला होते, हात जमिनीला टेकलेले, आणि तो खो मिळायची वाट बघत होता.