बंदरावरच्या लॉजमध्ये दोन रात्री



मानवतसारख्या गावातून आपली माणसे मुंबईला जातात ती बहुधा तीन कारणांनी. सहा डिसेंबरला, दवाखान्याच्या कामाला, नाही तर नातलगाच्या लग्नाला. राहण्याची सोय म्हणजे शिवाजी पार्कचे मैदान, दवाखान्याचा व्हरांडा किंवा बहिणीची दहा बाय बाराची खोली. रोख पैसे मोजून, आपल्या स्वतःच्या नावाने खोली घेऊन, समुद्राजवळ दोन दिवस राहावे, असा विचार आपल्या घरांत फारसा कोणी करीत नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही तो केला. त्यात जे शिकायला मिळाले ते इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून हे लिहीत आहे.

आमचे वडील मानवतच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये हमाल होते. कापसाच्या गाठी पाठीवर घेऊन त्यांचे आयुष्य गेले. ते नेहमी सांगायचे, "या गाठी मुंबईच्या बंदरावर जातात." आईने जन्मभर कापूस वेचला, पण ते बंदर तिने कधी पाहिले नव्हते. वडील वारले. आईने सत्तरी ओलांडली. तेव्हा मी आणि यांनी ठरवले, भिशीचे पैसे मिळाले की आईला बंदर दाखवायचे. बरोबर बारा वर्षांचा मुलगा. असे आम्ही चौघे.

निघण्यापूर्वी

परभणीहून देवगिरी, तपोवन अशा गाड्या मुंबईला जातात. मानवत रोड स्टेशनावर कोणती गाडी थांबते आणि किती वाजता, हे आधी नीट विचारून घ्यावे. रात्रीच्या गाडीने निघून सकाळी पोहोचणे सोयीचे. एक दिवस वाचतो आणि अनोळखी शहरात अंधारात खोली शोधावी लागत नाही.

दिवस निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. सोमवारी घारापुरीच्या गुंफा बंद असतात, म्हणून तो वार टाळावा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेटवेच्या बाजूला फार गर्दी होते आणि लॉजचे दर वाढतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद ठेवतात. दिवाळीनंतरचा थंडीचा काळ सगळ्यांत चांगला.

प्रत्येक मोठ्या माणसाचे ओळखपत्र जवळ असावे. लॉजवर आधारकार्डाची झेरॉक्स मागतात. ज्या आधारावर फक्त शेवटचे चार आकडे दिसतात तसे कार्ड काढून घेता येते, ते देणे बरे. शिदोरीला धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि थोड्या दशम्या घ्याव्यात. पहिल्या दिवसाचे जेवण त्यात भागते आणि म्हाताऱ्या माणसाचे पोटही बिघडत नाही.

उतरल्यावर

गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते. तिथून गेटवे ऑफ इंडिया दोन-अडीच किलोमीटर. टॅक्सी मीटरने ठरवावी. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे किमान भाडे फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये आहे. पुढे अंतराप्रमाणे वाढते. "दोनशे द्या, सोडतो" असे कोणी म्हणाले तर सरळ पुढच्या टॅक्सीकडे जावे. बेस्टची बस त्याहून स्वस्त पडते.

खोली दुपारी मिळणार असेल तर सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवता येते, मात्र पिशवीला कुलूप हवे. ज्यांना एकच रात्र काढायची आहे त्यांनी स्टेशनातल्याच रेल्वेच्या रिटायरिंग रूमची किंवा डॉर्मिटरीची चौकशी करावी. रेल्वेच्या तिकिटावर तिचे आरक्षण होते.

खोली घेताना

समुद्राच्या तोंडावरची मोठी हॉटेले आपल्या खिशाची नाहीत. जमशेटजी टाटांनी बांधलेले ताजमहाल हॉटेल १९०३ साली सुरू झाले. ते बाहेरून पाहावे, फुकट आहे. पण त्याच्या मागच्या आणि बाजूच्या कुलाब्याच्या गल्ल्यांत लहान लॉज आहेत. तिथून पाच-सात मिनिटे चालले की तोच समुद्र आणि तोच वारा. खिडकीतून समुद्र दिसण्याचे वेगळे पैसे मोजण्याची गरज नाही.

पैसे देण्याआधी खोली डोळ्यांनी पाहावी. नळाला पाणी आहे का, गरम पाणी किती वाजता येते, संडास खोलीत आहे की बाहेर, खिडकी उघडते का, खाली उतरायचा जिना कोणत्या बाजूला आहे, हे बघावे. म्हातारे माणूस बरोबर असेल तर लिफ्ट आहे का, तेही विचारावे. खोली सोडण्याची वेळ विचारणे फार महत्त्वाचे. काही ठिकाणी चोवीस तास मोजतात, काही ठिकाणी दुपारी बाराला खोली सोडावी लागते. तासभर उशीर झाला तर पुढच्या दिवसाचे पैसे मागतात.

दर विचारताना "कर धरून किती?" असे विचारावे. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीपासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे. आमची चार माणसांची खोली रात्रीला अडीच हजारांची होती. दोन रात्रींचे पाच हजार आणि कर अडीचशे, असे ५,२५० रुपये झाले. पावती घेतली. लॉजचे कार्ड प्रत्येकाच्या खिशात ठेवले, आईच्या कमरेच्या पिशवीतही. चुकामूक झाली तर कार्ड दाखवून कोणालाही रस्ता विचारता येतो.

रजिस्टरवरची सही

आता एक गोष्ट सांगते. ती या प्रवासातली मुख्य गोष्ट आहे.

लॉजच्या काउंटरवर मॅनेजरने रजिस्टर पुढे सरकवले आणि सगळ्यांची नावे लिहायला सांगितली. आई माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "बाई, खरं नाव लिव्हायचं का?"

माझ्या काळजात चर्र झाले. आईने हे का विचारले ते मला ठाऊक होते. मी लहान असताना वडील जिनिंगच्या मशीनचा भाग आणायला दुसऱ्या एका शहरात गेले होते. काम लांबले. तिथल्या एका लॉजवर आडनाव ऐकताच "जागा नाही" म्हणाले. मागून आलेल्या माणसाला मात्र किल्ली मिळाली. बरोबरचा गडी म्हणाला, "दुसरं आडनाव सांग, कोण बघतंय!" वडिलांनी ऐकले नाही. त्या रात्री ते एस.टी. स्टँडच्या बाकड्यावर झोपले. घरी येऊन त्यांनी ही हकीकत एकदाच सांगितली. पण आईच्या मनातून ती गेली नाही.

बाबासाहेबांनाही हेच भोगावे लागले. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनला शिकून १९१७ साली ते बडोदा संस्थानच्या नोकरीवर गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी सराईत राहायचे तर रजिस्टरमध्ये पारशी नाव लिहिणे भाग पडले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे आली आणि त्यांना बाहेर काढले. एवढा विद्वान माणूस सार्वजनिक बागेत जाऊन बसला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात त्यांनी स्वतःच हे सांगितले आहे.

पुढे त्याच हातांनी संविधान घडवले. त्याच्या अनुच्छेद १५ मध्ये स्पष्ट आहे की धर्म, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणाने कोणाला दुकानात, उपाहारगृहात, हॉटेलात जाण्यापासून अडवता येणार नाही. अस्पृश्यतेच्या कारणाने हॉटेल, धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना यांत प्रवेश नाकारणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. खोल्या खरोखर भरलेल्या असतील तर गोष्ट वेगळी. पण नाव-आडनाव ऐकून कोणी फिरवत असेल तर भांडत बसू नये. वेळ, तारीख, लॉजचे नाव लिहून घ्यावे, कोणी साक्षीदार असेल त्याचे नाव घ्यावे आणि जवळचे पोलीस ठाणे गाठावे. ११२ हा क्रमांकही आहे.

मी आईला म्हटले, "खरंच नाव लिहायचं, आई. तूच लिही." आई साक्षरता वर्गात सही शिकली होती. तिने पेन धरले. मागे तीन-चार माणसे उभी होती, पण मॅनेजर म्हणाला, "सावकाश लिहा, आजी." आईने स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव, सगळे पूर्ण लिहिले. मग किल्ली तिने स्वतःच्या हातात घेतली आणि दोन दिवस ती कोणाला दिली नाही.

बोटीतला दिवस

घारापुरीच्या बोटी गेटवेवरून सुटतात. सकाळी लवकर जावे. ऊनही लागत नाही आणि गर्दीही कमी असते. तासाभराचा प्रवास आहे. बोटीत लाइफ जॅकेट अंगात घालावे आणि पोरांना घालायला लावावे. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर नौदलाची स्पीड बोट प्रवासी बोटीवर आदळली आणि अनेकांचे जीव गेले. जॅकेट नसेल तर मागून घ्यावे, लाजू नये. ज्यांना मळमळते त्यांनी भरल्या पोटी बोटीत बसू नये.

बोटीतून तेलाच्या टाक्या, नांगरलेली जहाजे आणि पलीकडे न्हावा-शेव्याच्या बंदराच्या उंच क्रेन दिसतात. आई विचारत होती, "गाठी कोणच्या जहाजात चढत्यात?" यांनी तिला सांगितले की आता माल मोठ्या लोखंडी कंटेनरमधून जातो. एके काळी कापसाचा मोठा बाजार कुलाब्यातच होता. नंतर तो शिवडीकडे गेला. हार्बर लाइनवरच्या एका स्टेशनाचे नाव अजून कॉटन ग्रीन आहे.

घारापुरीला उतरल्यावर गुंफांपर्यंत शंभरावर पायऱ्या आहेत. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी रेल्वे चालते. आईने दोन ठिकाणी बसून पायऱ्या चढल्या. गुंफांचे तिकीट ४० रुपये, पंधरा वर्षांखालील मुलांना माफ. बोटीचे तिकीट वेगळे. हातात खाऊ धरू नये, माकडे हिसकावतात. परतीची शेवटची बोट किती वाजता आहे, हे उतरतानाच विचारून ठेवावे.

मोठ्या गुंफेतले शिवाचे भव्य शिल्प सर्वजण पाहतात. पण याच बेटाच्या पूर्वेकडील टेकडीला स्तूप टेकडी म्हणतात. तिथे विटांच्या प्राचीन स्तूपाचे अवशेष आहेत आणि बौद्ध लेणीही आहेत, हे आपल्या मुलांना सांगायला हवे. आणखी एक गोष्ट सांगावी. समोर मुंबईचे लाखो दिवे रात्रभर जळत होते, पण या बेटावरच्या गावांना कायमची वीज मिळाली ती २०१८ साली, समुद्राखालून केबल टाकल्यावर.

दुसरा दिवस

पहाटे उठून ससून डॉक पाहावा. १८७५ साली बांधलेला हा डॉक आहे. मासळी उतरवणारी, निवडणारी, टोपल्या उचलणारी माणसे पाहून आई म्हणाली, "हमाली सगळीकडं सारखीच." चप्पल घसरणार नाही अशी घालावी आणि काम करणाऱ्यांच्या वाटेत उभे राहू नये.

मग चालत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावे. तिथे गांधार शैलीतील बुद्धमूर्ती, सिंधमधील मीरपूरखासच्या स्तूपाची मातीची शिल्पे आणि सोपाऱ्याला सापडलेला अशोकाचा शिलालेख आहे. सोपारा हेही जुन्या काळचे बंदरच. संग्रहालयाच्या जवळच एल्फिन्स्टन कॉलेजची दगडी इमारत आहे. बाबासाहेब याच कॉलेजातून बी.ए. झाले. तिथून फोर्टात चालत गेले की बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सुरू केलेले सिद्धार्थ महाविद्यालय लागते. स्टेशन तिथून जवळच. आम्ही सामान क्लोकरूममध्ये टाकून लोकलने दादरला गेलो, चैत्यभूमीला वंदन केले आणि संध्याकाळी परत आलो.

जेवण मोठ्या रस्त्यावर न घेता फोर्टातल्या गल्लीत घ्यावे. ऑफिसातले कारकून, शिपाई जिथे रांग लावतात तिथली थाळी ताजी आणि स्वस्त असते. कुलाब्याच्या फुटपाथवर खरेदी करायची तर सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून बोलावे.

गेटवेवरची संध्याकाळ

पहिल्या संध्याकाळी आम्ही गेटवेजवळ कठड्याशी उभे होतो. मुलाने विचारले, "बाबासाहेब इथूनच अमेरिकेला गेले का?" मी सांगितले, १९१३ साली ते मुंबईहूनच बोटीने निघाले. ही कमान तेव्हा उभी नव्हती, ती १९२४ साली पुरी झाली. ताज हॉटेल मात्र होते.

आई बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तुझा बाप असता तर त्यानं बी इथं नाव लिव्हलं असतं." आणि कमरेची किल्ली चाचपून म्हणाली, "चला, आपल्या खोलीवर जाऊ."

बंधू-भगिनींनो, दोन-चार कुटुंबांनी मिळून भिशी घालावी, वर्षभर थोडे थोडे साठवावे आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा तरी समुद्र दाखवावा. आणि लॉजचे रजिस्टर पुढे आले की पेन त्यांच्याच हातात द्यावे.

जयभीम.