हजार रुपयांची डिस्क

आमच्या घरात 'ब्लू-रे' हा शब्द बरीच वर्षं कुणी उच्चारत नव्हतं. मम्मीच्या दोन पाटल्या त्या शब्दापायी गेल्या, एवढंच मला माहीत होतं. त्या मोडल्या नाहीत, गहाण ठेवल्या होत्या आणि सुटल्या नाहीत. पण नातेवाइकांत सांगताना मम्मी 'मोडल्या' असंच सांगायची. गहाण म्हटलं की लोक पुढचे प्रश्न विचारतात.

पप्पांची बेळगावात, कॅम्पापासून दहा मिनिटांवर, कॅसेट लायब्ररी होती. नाव कॅसेट लायब्ररी, पण मला कळायला लागलं तेव्हा कॅसेटी माळ्यावर गेल्या होत्या आणि फळ्यांवर व्हीसीडी आणि डीव्हीडी होत्या. व्हीसीडी दिवसाला दहा रुपये, डीव्हीडी वीस. शनिवारी संध्याकाळी गर्दी, आणि गुड फ्रायडेच्या आठवड्यात वेगळीच गर्दी. 'द टेन कमांडमेंट्स'चा तीन डिस्कांचा व्हीसीडी संच त्या आठवड्यात आमच्या अख्ख्या गल्लीत फिरायचा. समुद्र दुभंगायच्या आधी डिस्क बदलावी लागायची आणि तेवढ्यात कुणीतरी चहा टाकायचं. मला लहानपणी वाटायचं, ही सोय मोशेनेच करून ठेवली आहे.

२०११ साली, मी सात वर्षांची असताना, पप्पांनी चाळीसेक ब्लू-रे डिस्का घेतल्या. एकेक हजाराच्या आसपास. प्लेअर काकांनी दुबईहून आणला होता. भाडं ठेवलं दिवसाला शंभर रुपये. पहिल्या महिन्यात सहा डिस्का बाहेर गेल्या, त्यातल्या दोन काकांनीच नेल्या. काही डिस्का तर त्या प्लेअरवर लागेनातच. ब्लू-रेचे जगात तीन विभाग असतात. दुबई 'बी'त येते आणि भारत 'सी'त, हे पप्पांना डिस्क घेऊन आलेल्या एजंटाने सांगितलं नव्हतं. २०१३ ला दुकान बंद झालं. पप्पा एका शोरूममध्ये कामाला लागले, ते आजतागायत.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे मी केलेला एक आगाऊपणा. मागच्या वर्षी मंडळाच्या कार्यक्रमात सिनेमा आणि साहित्य या विषयावर बोलताना मी फेकून दिलं होतं, की नवीन फॉरमॅट ही निव्वळ लूट आहे. तोच सिनेमा, तेच प्लॅस्टिक, तीच बारा सेंटिमीटरची चकती, फक्त डबी निळी केली की किंमत तिप्पट. टाळ्या मिळाल्या. घरी येऊन कौतुकाने पप्पांना सांगितलं. ते जेवत होते. म्हणाले, "तीच चकती नसतेय गं. तेवढं मला कळत होतं." आणि ताट घेऊन उठले.

मग मी वाचायला बसले, जे आधी करायला हवं होतं.

चकती बाहेरून तीच, हे खरं. बारा सेंटिमीटर, १.२ मिलिमीटर जाड. पण समजा एकाच आकाराच्या पाटीवर तुम्हाला आधी खडूने लिहायचंय, मग पेन्सिलीने, मग सुईने. सीडीवरच्या आणि व्हीसीडीवरच्या दोन ओळींमधलं अंतर १.६ मायक्रॉन. डीव्हीडीवर ०.७४. ब्लू-रेवर ०.३२. ओळी बारीक झाल्या की वाचणारा किरणही बारीक लागतो, म्हणजे तरंगलांबी कमी लागते: सीडीला ७८० नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा, डीव्हीडीला ६५० चा लाल, ब्लू-रेला ४०५ चा जांभळट निळा. म्हणून नावात 'ब्लू'. हा निळा किरण देणारा डायोड गॅलियम नायट्राइडचा असतो, आणि ते स्फटिक नीट वाढवण्यात शास्त्रज्ञांची कित्येक वर्षं गेली. त्याच पदार्थातून निळा एलईडी निघाला, ज्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. सुरुवातीला हे डायोड इतके कमी बनत, की सोनीला प्लेस्टेशन ३ युरोपात नोव्हेंबर २००६ ऐवजी मार्च २००७ मध्ये आणावा लागला. अमेरिकेत पहिला ब्लू-रे प्लेअर आला तो हजार डॉलरला. आपण महाग म्हणतो तेव्हा चकतीच डोळ्यांसमोर असते, वाचणाऱ्या डोळ्याची किंमत विसरतो.

चकती बनवण्याचंही तसंच. सीडी म्हणजे एकच तुकडा, साच्यातून काढायचा आणि वर चमक चढवायची. डीव्हीडी म्हणजे अर्ध्या जाडीचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवलेले. ब्लू-रेत मजकूर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर खाली असतो, म्हणून वर ओरखडे न पडणारा कडक लेप द्यावाच लागतो. म्हणजे डीव्हीडीच्या यंत्रांवर ती निघत नाही, नवी यंत्रं घालावी लागतात. तोशिबाची एचडी डीव्हीडी याच बाबतीत हुशार होती: तिची बांधणी डीव्हीडीसारखीच, त्यामुळे जुनी यंत्रं थोडी बदलून काम भागायचं. तरी फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने माघार घेतली. स्वस्तात बनणारी हरली आणि महाग बनणारी जिंकली, हे वाचताना मला, का कोण जाणे, थोडं बरं वाटलं. पप्पांनी निदान हरणाऱ्या बाजूवर पैसे लावले नव्हते.

पण यंत्रं काही कायम नवी राहत नाहीत, त्यांचे पैसे वसूल होतात. इथे मला पप्पांकडून एक गोष्ट कळली, जी वाचून इतकी नीट कळली नसती. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने सिनेमांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणल्या. कोऱ्या डिस्का बनवणारी ही जगातली एक मोठी कंपनी. कारखाने तिचे, यंत्रं तिची, आणि हिशेब असा की कमी नफ्यात लाखोंनी विकायच्या. पप्पा म्हणाले, "तेव्हाच आमचं कंबरडं मोडलं बघ. चौतीसला विकत मिळतंय तर वीसला भाड्याने कोण नेणार?" म्हणजे लोकांना विकत घेता येणार नाही अशी काहीतरी वस्तू दुकानात हवी होती. ब्लू-रे त्यांना महाग असूनही हवी होती असं नाही. महाग होती म्हणूनच हवी होती!

हे ऐकून मी गप्प बसले. चौदा वर्षं घरात सगळे धरून चालले होते, की चकचकीत डबी बघून पप्पा भुलले.

(मोझर बेअरचंही पुढे काही बरं झालं नाही. २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत निघाली. स्वस्त विकणाराही बुडाला, महाग घेणाराही.)

आता उरला सिनेमा. 'तोच सिनेमा' हे माझं भाषणातलं वाक्य तर सगळ्यात चुकीचं. व्हीसीडीच्या एका चित्रात ३५२ गुणिले २८८ ठिपके, म्हणजे लाखभर. ब्लू-रेत वीस लाखांच्या वर, फोर-केत त्याच्या चौपट. हे ठिपके जुन्या टेपवरून येत नाहीत; मूळ निगेटिव्ह काढून, धूळ झाडून, पुन्हा स्कॅन करावी लागते, ओरखडे पुसावे लागतात, रंग जुळवावे लागतात. 'द टेन कमांडमेंट्स' १९५६ चा, व्हिस्टाव्हिजनमध्ये काढलेला. त्यात फिल्म कॅमेऱ्यातून आडवी धावायची, म्हणजे एकेक चौकट नेहमीच्या दुपटीहून मोठी. इतकी मोठी निगेटिव्ह आणि आम्ही ती लाखभर ठिपक्यांत बघत होतो. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीची कथा तर याहून थरारक. १९९३ साली लंडनमधल्या आगीत मूळ निगेटिव्ह होरपळल्या, आणि क्रायटेरियन व अकादमीच्या संग्रहालयाने त्यांतलं वाचलं तेवढं हातांनी दुरुस्त करून, उरलेलं दुसऱ्या प्रतींवरून भरून, २०१५ मध्ये चित्रपट पुन्हा उभे केले. हा खर्च एक प्रत विकली काय आणि लाख विकल्या काय, तेवढाच असतो. डीव्हीडीच्या काळात तो लाखो घरांवर वाटला जायचा. आता सिनेमा फोनवर येतो, डिस्क घेणारे मूठभर, मग तोच खर्च मूठभरांच्या डोक्यावर. त्यामुळे फोर-के डिस्क डीव्हीडीसारखी स्वस्त होत जाईल असं मला वाटत नाही.

तरीही मी माझं सगळंच बोलणं मागे घेत नाही हं. क्रायटेरियनचाच एकेरी चित्रपट घ्या: छापील किंमत डीव्हीडीला साधारण ३० डॉलर, ब्लू-रेला ४०, फोर-केला ५०. स्कॅन बहुतेक वेळा एकच, छापण्यातला फरक दहा डॉलरचा नक्की नाही. वरचे पैसे हौशीचे असतात. ज्याने मोठा टीव्ही घेतलाय तो देईल, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

आणि पप्पांचं चुकलं ते तिथेच. आमच्या गिऱ्हाइकांकडे मोठे टीव्ही नव्हते. २०११ मध्ये आमच्या गल्लीत बहुतेक घरी फुगीर काचेचे जुने टीव्ही होते. त्यांवर ब्लू-रे आणि डीव्हीडी शेजारी शेजारी लावली तरी फरक दिसला नसता. आमच्याही घरी तसाच होता. म्हणजे चाळीस हजारांचा माल घेणाऱ्या माणसाने त्यातलं चित्र स्वतः कधी नीट पाहिलंच नव्हतं.

यंदा झावळ्यांच्या रविवारी मी चुलतभावाचा धूळ खात पडलेला प्लेस्टेशन ३ आणला, माळ्यावरचं खोकं उतरवलं आणि 'द टेन कमांडमेंट्स'ची डिस्क काढली. कव्हरवर अजून 'रु. १००/- प्रतिदिन' असं पप्पांच्या अक्षरातलं लेबल होतं. लागेल की नाही याची धाकधूक होती. लागली. पप्पा आधी दारातच उभे होते, मग खुर्ची ओढून बसले. फेरोच्या दरबारातल्या कापडाची वीण दिसत होती. समुद्र दुभंगला तेव्हा तर आकाश कुठे जोडलंय ती कडासुद्धा दिसली, जी व्हीसीडीत कधीच दिसली नव्हती.

मम्मी स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली.

"काय बघालीस एवढं?" तिने मला विचारलं. मग टीव्हीकडे बघून पप्पांना, "हीच का ती?"

पप्पा म्हणाले, "हीच."

ती बसली नाही, पण गेलीही नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "रंग चांगला आहे हो लाल."

सिनेमा संपल्यावर पप्पांनी डिस्क कडेने धरून बाहेर काढली, ट्यूबलाइटखाली तिरकी करून ओरखडे तपासले, जसे ते परत आलेल्या प्रत्येक डिस्कचे तपासायचे, आणि डबीत ठेवली.