आक्का, ब्लाउज आत घेऊ नकोस

प्रिय आक्का,


परवा बारशाला पाळण्याची दोरी धरायला तू हात वर केलास आणि तुझ्या बांगड्या थेट कोपरापर्यंत घसरल्या. शेजारच्या बायका म्हणाल्या, "किती छान बारीक झालात हो!" तू हसलीस. मला मात्र आई आठवली.

आईच्या कपड्यांचं गाठोडं तूच सोडलं होतंस. एकेका ब्लाउजला आतून तीन-तीन शिवणी होत्या. वजन उतरेल तशी ती ब्लाउज आत घेत गेली आणि आपण "वय झालं", "उपास फार करते" म्हणत राहिलो. निघाला पोटाचा क्षय. ना खोकला, ना थुंकीत रक्त, म्हणून कुणाच्या मनातही आलं नाही. क्षय या शब्दाचा अर्थच झीज, तरी समोरची झीज आपल्याला दिसली नाही. औषधं सुरू झाली तेव्हा त्यांना साथ द्यायला तिच्या अंगात काही उरलं नव्हतं. लवकर कळलं असतं, तर बहुधा सहा महिन्यांच्या गोळ्यांनी ती बरी झाली असती.

म्हणून हे पत्र. दिवाळीत तू ५८ किलो होतीस, आज ५३. तू ना जेवण कमी केलंस, ना चालायला लागलीस. काही न करता सहा ते बारा महिन्यांत ५ टक्के वजन गेलं की डॉक्टर त्याची दखल घेतात. तुझ्या बाबतीत ते तीन किलोही होत नाहीत. तुझे पाच गेलेत, तेही चार महिन्यांत.

तू डॉक्टरांकडे जायचं टाळतेस ते एका नावाच्या भीतीने, हे मला ठाऊक आहे. कॅन्सर हे एक कारण असतं, हे मी लपवणार नाही. पण कारणं इतरही पुष्कळ. मधुमेहात साखर लघवीवाटे जाते आणि शरीर स्वतःची चरबी, स्नायू जाळू लागतं. थायरॉइड जास्त काम करू लागलं, तर खाऊनही माणूस रोडावतो; छातीत धडधडतं, हात कापतात. तू थायरॉइडची गोळी घेतेस, तिचा डोस जास्त झाला तरी हेच होतं. कवळी टोचत असेल तर घास जात नाही. आणि भाऊजी गेल्यापासून तू एकटीसाठी चूल पेटवतेस की चहा-बिस्किटावर भागवतेस, हेही मला विचारायचंय. मन खचलं की भूक मरते. तोही आजारच, त्यालाही औषध आहे.

डॉक्टर आधी विचारतील: भूक लागते का? संध्याकाळी कणकण येते का? रात्री घाम, दोन आठवड्यांहून जुना खोकला, गिळताना अडकणं, काळी शी, वारंवार लघवी? लाजू नकोस, खरं सांग. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आण, काढ्याची बाटलीसुद्धा. निम्मं निदान या बोलण्यातूनच होतं. मग सीबीसी, ईएसआर, साखर, टीएसएच, लिव्हर, किडनी, कॅल्शियम, लघवी, छातीचा एक्स-रे, गरज वाटली तर पोटाची सोनोग्राफी. दुर्बीण किंवा स्कॅन लगेच सगळ्यांना लागत नाही. आधी काय सापडतं त्यावर ते ठरतं.

सगळं नॉर्मल आलं तरी वही मिटायची नाही. बऱ्याच जणांचं कारण पहिल्या खेपेला सापडत नाही. अशा वेळी तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं आणि तोवर दर रविवारी सकाळी त्याच काट्यावर वजन करून तारखेसह लिहायचं.

मधल्या काळात कुणाच्या सांगण्यावरून ताकदीची पावडर सुरू करू नकोस. आधी कारण, मग उपाय.

सोमवारी सकाळच्या पहिल्या एसटीने ये. मी वेळ घेऊन ठेवली आहे. उपाशीपोटी ये, रक्त दिल्यावर आपण दोघी गरम पोहे खाऊ. आणि तोवर, आक्का, एकही ब्लाउज आत घेऊ नकोस. सैल झालेला तसाच घालून ये. डॉक्टरांना तो दिसू दे.

तुझी,
धाकटी